रान शिकायचं तर एकच रान धरा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुम्ही पुण्यात राहता. पाच वर्षांत पंचवीसेक किल्ले केलेत, सगळे कुठल्या ना कुठल्या ग्रुपबरोबर. पुढच्याच्या पाठीवरच्या सॅककडे बघत चालायचं, एवढीच सवय. मागच्या महिन्यात उतरताना दहा मिनिटं मागे राहिलात, दोन वाटा फुटल्या तिथे उभ्या राहिलात आणि आपण सकाळी यातल्या कुठल्या वाटेने वर आलो ते काही केल्या आठवेना. तेव्हापासून मनाला लागलंय की किल्ले झाले, पण रान कळलंच नाही. आता परदेशी व्हिडिओ बघून तुम्ही ठिणगी पाडायची कांडी आणि एक जाडजूड सुरी मागवली आहे. विचारताय की कोर्स कुठला करू, सामान अजून काय घेऊ, खाण्याजोगी झाडं कशी ओळखू, आणि नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं का.

मी तीस वर्षं जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांच्या डोंगरात फिरतो आहे, त्यातली अठरा वर्षं लोकांना बरोबर घेऊन. माझं उत्तर असं: सुरी कपाटात ठेवा आणि सव्विसावा किल्ला करू नका. एक डोंगर आणि त्याच्या पायथ्याची एक वाडी निवडा आणि पुढचं वर्षभर फक्त तिथेच जा. महिन्यातून एकदा, जमलं तर मुक्कामाने. बारा वेळा एकाच जागी गेलेल्या माणसाला जेवढं रान कळतं तेवढं शंभर किल्ले एकेकदा केलेल्याला कळत नाही. हे मी माझ्याबरोबर आलेल्या लोकांमध्ये इतक्यांदा पाहिलंय की आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

कारण सांगतो. रानातली बहुतेक कौशल्यं म्हणजे फरक ओळखणं, आणि फरक दिसायला आधीचं पाहिलेलं असावं लागतं. जुलैमध्ये जो ओढा ओलांडायची हिंमत होत नाही, तो नोव्हेंबरात घोट्याएवढा असतो, फेब्रुवारीत त्याची डबकी उरतात आणि एप्रिलमध्ये वाळूत झरा उकरून बायका तांब्याने पाणी भरताना दिसतात. हे चारही पाहिलेत की पाचव्या, अनोळखी ओढ्याकडे बघून तो कुठवर चढतो ते तुम्ही सांगू लागता. काठच्या झुडपांना अडकलेला वाळका पाचोळा कमरेच्या उंचीवर आहे की डोक्याच्या, तिकडे आपोआप नजर जाते. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण व्हिडिओ एका दिवसाचा असतो.

पुण्याहून तुम्हाला सोयीचा पट्टा म्हणजे जुन्नरची पश्चिम: नाणेघाटाजवळचं घाटघर, जीवधनच्या आसपासचं जंगल, किंवा दुर्गवाडी, आंबे-हातवीजकडचा भाग. तिथे पठार आहे, दाट रान आहे, कोकणात कोसळणारे कडे आहेत, पाण्याची जुनी टाकी आहेत आणि माणसं आहेत. नाणेघाटातून दोन हजार वर्षांपूर्वीपासून कल्याण-जुन्नर वाहतूक चालायची. तिथे सातवाहनांचा लेख आहे आणि लेण्यांच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत. मला तिथे नेहमी वाटतं की वाट, सावली आणि पाणी कुठे जुळतं हे त्या लोकांनी आपल्याआधी शिकून ठेवलंय आणि दगडात लिहूनही ठेवलंय. पण हाच पट्टा धरा असा आग्रह नाही. मुळशीत कोणी ओळखीचं असेल तर मुळशी धरा. जागा बदलू नका, एवढंच.

वाडीतलं एक घर धरा. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्याकडे गाईड म्हणून जाऊ नका, पाहुणे म्हणून जा आणि जेवणाचे, मुक्कामाचे, वेळेचे पैसे न विसरता, न घासाघीस करता द्या. मग ती माणसं जे रोजचं काम करतात त्यात मागे मागे चाला. गुरं वळायला, जळण आणायला, उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरडा वेचायला, पहिल्या पावसात खेकडे धरायला. मला ज्यांनी रान शिकवलं ते मामा कधीही ‘हे बघ, शिकवतो’ असं म्हणाले नाहीत. ते चालायचे आणि मी विचारायचो. दर शंभर पावलांवर ते एकदा मागे वळून बघायचे. मला वाटायचं, मी येतोय का ते बघतात. दोन वर्षांनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘तुला नाय बघत. परत येताना वाट कशी दिसंल ती बघतो.’

हे पहिलं कौशल्य. त्या फाट्यावर तुमचं जे झालं ते एवढ्याचसाठी झालं. जाताना दिसणारी वाट आणि येताना दिसणारी वाट या दोन वेगळ्या वाटा असतात. दर फाट्यावर थांबा, मागे वळा, एखादं वाकडं झाड, एखादा फुटका धोंडा मनात ठेवा आणि तो तोंडाने मोठ्याने बोला: ‘डावीकडे दोन खोडांचं ऐन, त्याच्या पलीकडून आलो.’ बोललेलं लक्षात राहतं.

दुसरं, गावातले शब्द घ्या. सोंड, धार, खिंड, घळ, नाळ, पदर, सडा, घसारा, ढोरवाट. शब्द आला की डोंगर दिसायला लागतो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण थर जिथे तुटतो तिथे कडा आणि मऊ थर झिजतो तिथे पदर. म्हणून लांबून बघितलं तर डोंगराला पायऱ्या दिसतात: कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा झाडी. चढायची वाट पदरावरून आडवी जाते आणि कड्याला जिथे चीर पडलीय, त्या नाळेतून किंवा डोंगरापासून खाली उतरत आलेल्या सोंडेवरून वर सरकते. एवढं कळलं तरी नकाशाशिवाय समोरच्या डोंगराची वाट कुठून असेल याचा अंदाज बांधता येतो. तो बांधा, वाडीतल्या माणसांना विचारा आणि चुकला तर का चुकला ते विचारा.

पदरावर गेलात की ढोरवाटा भेटतात आणि माणसं हरवतात ती बहुतेक इथेच. ढोरवाट चांगली मळलेली असते, माणसाच्या वाटेपेक्षा रुंदही असते, पण ती गवताकडे जाते किंवा पाण्याकडे. दोन खुणा सांगतो. ढोरवाट डोक्याच्या उंचीवर मोकळी नसते, फांद्या तोंडावर येतात. माणसांच्या वाटेवर फांद्या हाताने मोडलेल्या असतात आणि खांद्यावर मोळी घेऊन जाता येईल एवढी जागा असते. दुसरं, ढोरवाट फाटत जाते. एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि मग कारवीच्या झुडपांत विरते. वाटा जुळत चालल्या तर गाव जवळ येतंय, फाटत चालल्या तर थांबा.

थांबा म्हणजे खरंच थांबा. बसा, पाणी प्या आणि जिथवरची वाट नक्की माहीत होती तिथवर उलटं जा. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण व्हिडिओत बरोबर उलटं सांगतात. हरवलात तर पाण्याच्या धारेने खाली जा, वस्ती लागेल, असा सल्ला त्यात असतो. सपाट किंवा हळूहळू उतरत्या मुलखात ते चालत असेल. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या अंगाला ओढा कड्यावरून खाली पडतो. मी वयाच्या बाविसाव्या वर्षी दोन मित्रांना घेऊन असाच ओढ्यात उतरलो. पहिला टप्पा आठ फुटांचा होता, तो उतरलो. दुसरा बारा फुटांचा, तोही घसरत उतरलो. तिसरा दिसला तेव्हा त्याचा तळ दिसत नव्हता, आणि मागचे दोन चढता येत नव्हते. ती रात्र आम्ही तिघांनी एका ओल्या कातळावर बसून काढली. सकाळी गुराख्याने आमच्या हाका ऐकल्या आणि दोर आणला. त्याने दोर आणला नसता तर काय झालं असतं ते मला आजही नीट उच्चारता येत नाही. म्हणून माझा नियम: जे चढून परत येता येणार नाही ते उतरायचं नाही. हरवल्यावर वर, डोंगराच्या धारेवर जायचं. तिथून दिवे दिसतात, हाक पोचते, मोबाइलला रेंज मिळण्याची शक्यता असते.

दिशांचंही तसंच. झाडाच्या उत्तर अंगाला शेवाळ असतं, हे आपल्याकडे विसरून जा. पावसाळ्यात इथे चारी अंगांना शेवाळ असतं. माध्यान्हीची सावली उत्तर दाखवते, हेही वर्षभर खरं नाही. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली किंचित दक्षिणेला पडते. आपली खरी खूण डोंगराच्या ठेवणीत आहे. मुख्य रांग दक्षिणोत्तर, पश्चिमेला तुटलेले कडे, पूर्वेला हळूहळू उतरणारा देश, म्हणजे पठार. घाटमाथ्यावर पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येऊन कड्यावर आपटतो. नाणेघाटात जुलैमध्ये पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं ते त्याच वाऱ्याने. धुक्यात काहीच दिसत नसताना वारा कुठल्या गालावर लागतोय त्यावरून मी अनेकदा दिशा धरली आहे. उघड्या माथ्यांवरच्या झाडांच्या फांद्याही पूर्वेकडे झुकलेल्या असतात, तेही बघा. रात्री ध्रुव शोधा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. आपण एकोणीस अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षींवरून, दिवाळीच्या सुमारास शर्मिष्ठेच्या तारकांवरून तो सापडतो.

तीच मूठ दिवस मोजायलाही येते. सूर्य आणि क्षितिज यांच्यात एक मूठ बसली तर सूर्य मावळायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आहेत. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, आणि दरीत असाल तर पश्चिमेचा डोंगर सूर्य आधीच गिळतो. दोन मुठी उरल्या की मी जिथे असेन तिथून परतीला लागतो, माथा पाच मिनिटांवर असला तरी.

नकाशा वाचायला मात्र शिकाच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे मिळतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा उंचीत वीस मीटरच्या अंतराने असतात. घरी बसून बोटाने सोंड आणि घळ यातला फरक रेषांवर ओळखा, मग तोच नकाशा घेऊन प्रत्यक्ष त्या सोंडेवर उभ्या राहा. होकायंत्र वापरताना ते कातळावर ठेवू नका, हातात छातीशी धरा. आपल्या काळ्या दगडात लोह असतं आणि माथ्यावरच्या खडकांपाशी सुई भरकटलेली मी पाहिली आहे. मोबाइलमधलं जीपीएस रेंजशिवाय चालतं, नकाशा आधी उतरवून घेतलेला असला तर. ते जरूर वापरा. पण आधी अंदाज बांधायचा आणि मग मोबाइल बघायचा. क्रम उलटा केलात तर दहा वर्षांनीही तुम्ही मोबाइलच्या पाठीकडे बघत चालत असाल.

पाणी. पावसानंतर जमिनीत मुरलेलं पाणी खाली जाता जाता एखाद्या घट्ट थराला टेकतं आणि आडवं सरकून कड्याच्या पायथ्याशी पाझरतं. एप्रिलमध्ये सगळा डोंगर वाळलेला असताना कड्याच्या मुळाशी एखादा हिरवा पट्टा दिसला तर तिथे पाझर असतो, निदान ओल असते. उंबर, जांभूळ, काठाकाठाने वाळुंज, ही झाडं पाण्याची चाहूल देतात. संध्याकाळी पारवे एका दिशेने खाली उतरत असतील तर लक्ष ठेवा. पण खरं सांगायचं तर तहान लागल्यावर पाणी शोधायची वेळ येऊ देणं हीच चूक आहे. आधी गावात विचारा: कुठलं टाकं बारमाही, कुठलं फेब्रुवारीत आटतं, कशात गुरं उतरतात. माणशी तीन-चार लिटर बरोबर घ्या. टाक्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी फडक्याने गाळून उकळा. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर राहू दिलं की पुरे. चूल पेटवायची सोय नसेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

आगीबद्दल तुम्ही सगळ्यात उत्साहाने लिहिलंय, आणि त्याबद्दल मी सगळ्यात सावध आहे. राखीव जंगलात आणि अभयारण्यात आग पेटवणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. फेब्रुवारीनंतर आपल्या डोंगरावर कमरेएवढं वाळलेलं गवत असतं. एक ठिणगी आणि अख्खी सोंड जळते. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कासवं, कारवीची रोपं, सगळं. मी वणवा विझवायला गेलो आहे. ओल्या फांद्यांनी झोडपताना पायाखाली जे दिसतं ते विसरता येत नाही. ती कांडी रानात नेऊ नका. आग शिकायची जागा म्हणजे वाडीतल्या घराची चूल, तीही जुलैमध्ये. सरपण ओलं, हवा ओली, काडेपेटी ओली. अशा दिवशी मावशी आधी काय आत सरकवतात, जाड लाकूड चिरून आतला कोरडा गाभा कसा काढतात, बांबूची सालपटं कशी काढतात, फुंकणीने कुठे आणि किती हळू फुंकतात ते बघा. मग तुम्ही पेटवा. सलग तीन वेळा एका काडीत पेटली की तुम्हाला आग पेटवता येते. म्हाताऱ्यांना विचारलंत तर गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस घेऊन पेटवायच्या गोष्टी निघतील. कुंभ्याच्या सालीचा सुलगता दोर बंदुकीच्या तोड्याला वापरत, हेही कोणी सांगेल. त्या ऐका. ते ज्ञान आता फार थोड्यांकडे उरलंय.

आता खाण्याजोग्या वनस्पती. इथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही, म्हणून जरा लांबवतो. चीक निघतो ते विषारी, असा एक नियम तुम्ही लिहिलाय. करवंदाला चीक आहे, उंबराला आहे, दोन्ही आपण खातो. रामेठ्याला चीक नाही, पिवळ्या फुलांचे सुंदर झुबके येतात, आणि मासे गुंगवायला त्याची साल पाण्यात टाकत असत. त्याची काडी कोणी दातवण म्हणून चघळली तर काय होईल विचार करा. पक्षी खातात ते आपल्याला चालतं, हा दुसरा नियम. धनेश काजऱ्याचा गर खातो. काजरा म्हणजे कुचला, त्याची बी जीव घेते. कळलावी तर दारात आणून कोकणात गौरीला वाहतात, इतकी देखणी, आणि तिचा कंद प्राणघातक असतो. थोडंसं चाखून, थांबून बघण्याची जी पद्धत व्हिडिओत दाखवतात ती मुळीच करू नका. माणूस अन्नावाचून दोन दिवसांत मरत नाही. चुकीच्या कंदाने एका दिवसात मरू शकतो.

आपल्या रानात नियम नाही, ओळख आहे. एकेक वनस्पती, एकेका माणसाकडून, आणि तीही नुसती ओळखून भागत नाही, रांधायची कशी हे त्या ओळखीचा अर्धा भाग असतो. पहिल्या पावसात शेवळं येतात. ती तशीच शिजवली तर घसा काट्यांनी भरल्यासारखा खाजतो, म्हणून त्यात काकडांचा आंबट रस घालतात. कडू कंद कापून, राखेबरोबर उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. हे कुणीतरी कधीतरी भुकेपोटी, बहुधा जीव गमावून शोधलेलं आहे. म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही पाचच भाज्या शिका: टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, चाई. बाजारात बायका विकायला आणतात तेव्हा विकत घ्या, घरी रांधा, मग रानात त्यांच्याबरोबर खुडायला जा. ज्या पाच तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल त्या तुमच्या. बाकीच्या कितीही ओळखीच्या वाटल्या तरी तोंडात घालायच्या नाहीत. हात लावायच्या नाहीत अशाही दोन आधी शिका: खाजकुइलीच्या मखमली शेंगा आणि बिब्ब्याचा चीक.

देवराई लागली तर तिथून पानही उचलू नका. ती कुणाची श्रद्धा आहे हे एक. दुसरं, आपल्या भागात जुनं रान कसं होतं ते बघायला उरलेल्या फार थोड्या जागांपैकी ती एक आहे.

धोक्यांबद्दल थोडक्यात, कारण लोक चुकीच्या गोष्टींना घाबरतात. बिबट्या तुम्हाला बहुधा दिसणारही नाही. अंधार पडायला लागला की मुलीला मध्ये घ्या, बोलत चला, झुडपाआड खाली वाकून बसू नका, दिसलाच तर पळू नका. ऊन, घसारा, आग्या मोहोळ आणि वीज यांना मात्र घाबरा. मोहोळ कड्याला लटकलेलं दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. उठलंच तर तोंड झाकून न थांबता लांब जायचं, हात झटकायचे नाहीत. वीज वळवात आणि हस्ताच्या पावसात पठारावर गाठते. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आलं की उघड्या सड्यावरून, एकट्या झाडाखालून, धारेवरून खाली सरका.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार नीट ओळखा. दगडाच्या फटीत बघितल्याशिवाय हात घालू नका, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, जमिनीवर उघड्यावर झोपू नका. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. दंश झाला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय न हलवता, फळी लावून, माणसाला उचलून रुग्णालयात न्यायचं. १०८ ला फोन करायचा. निघण्याआधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे प्रतिसर्पविष आहे का हे विचारून ठेवा. एका वाडीतून मी पाच किलोमीटरवरचं दवाखाना म्हणून लिहिलेलं केंद्र गाठलं, तर त्याला कुलूप होतं. तेव्हापासून मी आधी फोन करतो.

आता कोर्स. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनालीच्या संस्थांचे अभ्यासक्रम उत्तम आहेत, पण ते गिर्यारोहणाचे आहेत. उत्तरकाशीचा बेसिक अठ्ठावीस दिवसांचा आहे, त्यात दोर, बर्फ आणि शिस्त शिकाल. तुमचा प्रश्न तो नाही. तुम्हाला पहिला कोर्स करायचाच असेल तर डोंगरातल्या प्रथमोपचाराचा करा. हाड मोडलेल्या माणसाला काठ्या आणि ओढणीने कसं बांधायचं, उष्माघात कसा ओळखायचा हे हाताने केल्याशिवाय येत नाही. दुसरा, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या संस्थांचे वनस्पतींचे, पक्ष्यांचे अभ्यासक्रम. ही संस्था १८८३ पासून निसर्गाच्या अभ्यासाचं काम करते आहे. आणि ते वर्षभर एक डोंगर धरल्यानंतर करा. तेव्हा वर्गात दाखवलेलं प्रत्येक पान तुम्हाला कुठल्या वळणावरचं आहे ते आठवेल.

सामान फार लागत नाही. चांगली पकड असलेले बूट, खांद्याएवढी काठी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी, दहा मीटर दोरी, प्लास्टिकचा मोठा कागद. आणि एक खरी घोंगडी. ओली झाली तरी ती ऊब धरते, अंथरायला, पांघरायला, डोक्यावर खोळ करून पावसात चालायला चालते. धनगरांनी ती उगीच नाही पिढ्यान्पिढ्या वापरली. शिट्टीची खूण शिकून ठेवा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

आणि दर मुक्कामी एक तास काहीही न करता बसा. पहाटे, एकाच जागी. पहिली वीस मिनिटं रान तुमच्यामुळे गप्प असतं, मग ते तुम्हाला विसरतं. जूनमध्ये ओढ्याकाठी बसलात तर उजेड व्हायच्या आधी शीळकरी कस्तुर शीळ घालतो, माणसासारखी, जरा विसरून पुन्हा आठवल्यासारखी. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, वानर खाकरतात, टिटवी ओरडते. हे आवाज कुठून कुठे सरकत गेले ते ऐका, कोण चाललंय ते कळतं. मला सगळ्यात जास्त या तासाने दिलंय. माझी आई गेली त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हतो. दर पंधरवड्याला जाऊन त्याच धोंड्यावर बसत होतो. मार्चमध्ये समोरच्या निष्पर्ण पांगाऱ्याला लाल फुलं आली आणि त्यावर मैना, कोतवाल, बुलबुल तुटून पडले, तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं.

मुलीला जरूर न्या. पहिल्या फेरीपासून न्या. नऊ वर्षांचं मूल आपल्यापेक्षा जमिनीजवळ असतं, त्याला जास्त दिसतं. तिला किल्ला दाखवायला नेऊ नका, चालायचं अंतर दोन-तीन किलोमीटरच ठेवा. परतीच्या वाटेवर तिला पुढे चालू द्या आणि प्रत्येक फाट्यावर तिने सांगायचं, कुठून आलो. चुकली तर लगेच टोकू नका, पन्नास पावलं तिच्या मागे जा, तिचं तिला कळू द्या. गळ्यात शिट्टी घाला आणि घरीच हे पाठ करून घ्या: आई दिसेनाशी झाली तर जिथे आहेस तिथलं एक झाड धरायचं, ते सोडायचं नाही, शिट्टी वाजवत राहायचं, आई तिथे येणार. आणि तिला एक झाड निवडू द्या, तिचं स्वतःचं. कुंभा चांगला. उन्हाळ्यात पानं गळून रात्री फुलतो, सकाळी खाली पुंकेसरांचा सडा पडलेला असतो, पावसाआधी कोवळी पालवी येते. दर महिन्याला तिने त्याच्या खोडाला सुतळी गुंडाळून माप घ्यायचं, एक पान वहीत ठेवायचं आणि त्यावर कोण बसलं होतं ते लिहायचं. मृग तोंडावर आहे, रस्ते निसरडे होण्याआधीच्या शनिवारी जाऊन झाड निवडून या.